समाचाराची बस

ईद होऊन आठवडा झाला की सास्त्रो घराण्याचा मेळावा वागियेमच्या अंगणात भरायचा. म्हातारे सास्त्रो गेले तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. कुणी ठरवलेलं नव्हतं आणि मोडायची तर कुणाची टाप नव्हती. आदल्या दिवशीच वागियेमने करुपुकचे पापड वाळवायच्या बांबूच्या चटया उचलून भिंतीला लावल्या, पीठ सांडलेलं अंगण धुऊन घेतलं. सकाळी नातलगांच्या मोटरसायकली फाटकातून आत शिरू लागल्या, तेव्हा ती नवं तपकिरी बातिक नेसून पायरीवर उभी होती आणि येईल त्याला एकच बातमी सांगत होती. पार्तिनाह बरी झाली. आता यायची गरज नाही म्हणाले डॉक्टर.

ऐकणारा म्हणायचा, तुम्ही एवढी धावपळ केलीत, तिचं सार्थक झालं. वागियेम म्हणायची, माझं कसलं त्यात. पण म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची, आणि का होऊ नये? धाकट्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, मग केमोचं औषध चढवायला सुरुवात झाली, आणि या सगळ्या काळात वागियेमची बस एकदाही चुकली नव्हती.

बस म्हणजे बाजारातल्या मिनीबसवाल्याची, भाड्याची. घराण्यात कुणी आजारी पडलं की वागियेम त्याला निरोप धाडायची, गल्लीतल्या बायकांना सांगायची, फळांच्या परड्या चमकत्या कागदात बांधून घ्यायची आणि सगळा गोतावळा आजाऱ्याच्या समाचाराला घेऊन जायची. कुणाचं अपेंडिक्स असो, कुणाचा मोडका पाय असो, बस यायचीच. तिच्या पाठीमागे टवाळ पुतणे म्हणायचे, डॉक्टरच्या आधी बुदे पोचते. बुदे म्हणजे थोरली मावशी किंवा थोरली आत्या. अर्ध्या जिल्ह्याची ती बुदेच होती. टवाळी तिच्या कानावर आली होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडली होती.

म्हणून आज पिवळ्या भाताचा शंकूसारखा डोंगर रचला होता, आभाराचा. नारळाच्या रसातली कोंबडी चुलीवर होती. जकार्ताहून भाऊ हार्यान्तो बायकोला घेऊन आला होता आणि येताना कसले तरी गुलाबी गठ्ठे घेऊन आला होता. सगळं छान जमून आलं होतं.

तेवढ्यात पार्तिनाहची मुलगी रेत्नो जवळ आली आणि म्हणाली, "बुदे, जरा मागे येता?"

मागे म्हणजे करुपुकचं पीठ उकडायच्या भट्टीपाशी. रेत्नो कापडाच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाशी बोलून बोलून तिचा आवाज गोड झाला होता. आज मात्र तो कोरडा होता. तिने मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं.

"आई बरी झालेली नाही."

वागियेमला वाटलं, पोरगी काळजीने हळवी झाली आहे. "अगं नदुक, पोरी, डॉक्टरच म्हणाले ना?"

"डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. आईने आपल्या मनाने सांगितलं. अजून दोनदा औषध चढवायचं बाकी आहे. या बुधवारची तारीख आहे, आणि आई जाणार नाही म्हणते."

"का? पैशाचं म्हणत असशील तर..."

"पैसे सरकारी विम्यातून जातात. तो प्रश्नच नाही." रेत्नोने खाली पाहिलं. थोरल्या मावशीला तोंडावर काही बोलायचं तिला लहानपणापासून शिकवलेलंच नव्हतं. "तुमच्या बसमुळे, बुदे."

मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळंच सांगून टाकलं. औषध चढवलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, साधी सर्दीही अंगावर येते. गर्दीत बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मागच्या खेपेला आई घरी येते न येते तोच दारात बस. झाडून सगळे आत आले. लहानथोरांनी हात हातात घेऊन कपाळाला लावले, कुणाचं शेंबडं पोर गादीवर नाचलं. आणि आई? आई उठली. पाहुण्यांना नुसता चहा कसा द्यायचा म्हणून उलटीची बादली बाजूला सारली आणि कढईपाशी जाऊन करुपुक तळायला बसली. जाताना प्रत्येकाच्या हातात पुडी दिली. त्यानंतर ताप भरला, पुन्हा हॉस्पिटल, औषधाची तारीख पुढे गेली. आणि तिथे बस पुन्हा आली, ताप बघायला.

"आई म्हणते, जोवर मी औषध घेतेय तोवर बस येणार. बरी झाले म्हटलं की येणार नाही. मग जे काय व्हायचं ते निवांत होऊ दे."

वागियेमच्या कानशिलात कुणी मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. आधी राग आला. गोतावळा गोळा करणं काय सोपं असतं? बसवाल्याच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, परडीतली सफरचंदं एकेक दाबून बघावी लागतात. आणि हे तिचं फळ?

"मला सांगायचं होतं तिने."

"तुम्हाला? आईने जन्मात कधी तुम्हाला नाही म्हटलंय?"

नव्हतं म्हटलं. पार्तिनाह तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर वागियेमनेच तिला कडेवर वागवलेलं. ताटात वाढलेलं ती गपचूप खायची, पोट भरलेलं असलं तरी.

"मग काय हवंय तुला?" वागियेमने विचारलं. "कुणीच फिरकायचं नाही तिच्याकडे?"

"एक माणूस हवाय," रेत्नो म्हणाली. "एकच. बाबांना भट्टी सोडता येत नाही, माझी रजा संपली. हॉस्पिटलमागच्या मुक्कामघरात दोन रात्री राहायचं, पहाटे नंबराला उभं राहायचं, औषध चढेस्तोवर शेजारी बसायचं. बोलायचंसुद्धा नाही. आईला तेव्हा आवाज सोसत नाही." ती जरा थांबली. "तिथे डोंगराकडची एक बाई येते, तास्मी नावाची. दर खेपेला एकटीच. उलटी आली की स्वतःच बादली धरते आणि स्वतःच धुऊन आणते. व्हरांड्यात चाकाच्या खुर्च्या ओळीने उभ्या आहेत, पाठीवर देणाऱ्यांची मोठमोठी नावं. पण ढकलायला माणूस नाही."

पुढून कुणीतरी हाक मारली. रेत्नो गेली. वागियेम भट्टीपाशीच उभी राहिली.

बस तिने उगाच सुरू केली नव्हती. लग्न झाल्यावर ती आणि तिचा नवरा सरकारने दिलेल्या जमिनीवर लांपुंगला गेले होते, समुद्रापलीकडे. तिथे नवऱ्याची किडनी गेली. सरकारी दवाखान्यात तो पडून होता, शेजारच्या खाटांभोवती माणसं आणि याच्या खाटेपाशी ती एकटी. दारात कुणाचीही सावली पडली की तो मान वर करून बघायचा. गावाकडचं कुणी आलं असेल म्हणून. कुणी आलं नाही, आणि एक दिवस त्याने मान वर करणंही सोडलं. त्याला तिथेच पुरून ती गावी परतली, तेव्हाच मनाशी म्हणाली की आपल्या घराण्यात पुन्हा कुणाला दाराकडे बघत पडू देणार नाही. आता बहीण दाराकडे बघत होती, पण उलट्या कारणाने. हे तिला पचायला जड गेलं.

ती स्वयंपाकघरात गेली. अपेक्षेप्रमाणे पार्तिनाह कढईपाशीच होती. डोक्याला घट्ट ओढलेला रुमाल, भुवया नव्हत्या तिथे काळ्या पेन्सिलीच्या दोन रेघा, चेहरा पिठासारखा. आज जिच्यासाठी एवढा भात रचला ती बाई चाळीस माणसांसाठी करुपुक तळत होती. दोन भाच्या मदतीला होत्या. वागियेमने त्यांना पानं पुसायच्या निमित्ताने बाहेर पिटाळलं.

"उठ. मी तळते."

"राहू दे गं यू, बसल्या बसल्या होतंय." थोरल्या बहिणीला ती यू म्हणायची.

वागियेमने तिच्या हातातला झारा काढून घेतला. पार्तिनाहने विरोध केला नाही. ती कधीच करायची नाही. तेलात करुपुक फुलत गेले. वागियेमने एक घाणा निथळून टोपलीत टाकला.

"बुधवारी काय आहे?" वागियेमने विचारलं.

पार्तिनाहला कळायचं ते कळलं. "रेत्नोच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली.

"तुला मरायचंय का?"

"नाही गं." इतकं साधं म्हणाली, जणू चहा हवा का विचारलं होतं. "मरायचं कुणाला असतं. पण यू, मला दमायला झालंय. औषधाने होतं ते एक वेळ सोसवतं. उलट्या होतात, थांबतात. पण मग दाराशी गाडी वाजते. मग उठायचं, कपडे सारखे करायचे, एकेका माणसाला सांगायचं, हो, बरं वाटतंय. तुमच्या येण्याने बरं वाटलं. प्रत्येकजण विचारतो कुठे दुखतं, मग कुणाच्या तरी चुलतीला असंच झालं होतं आणि ती गेली, ते सांगतो. मग चहा. मग पुड्या."

"नको म्हणायचं होतंस."

"कुणाला? तुला?" पार्तिनाह हसली. "तू परडी घेऊन पुढे असायचीस. किती आनंद असायचा तुझ्या तोंडावर. मला वाटायचं, हिला भावजींच्या वेळचं काहीतरी फेडायचंय. फेडू दे."

वागियेमच्या हातून करुपुकचा एक घाणा करपला. तिने तो बाजूला काढला. रडू येत होतं, पण मेळाव्याच्या दिवशी यजमानणीने डोळे लाल करून बाहेर जायचं नसतं.

"मी सगळ्यांना खरं सांगते," ती म्हणाली.

"नको," पार्तिनाह पहिल्यांदाच घाईने बोलली. "सगळ्यांसमोर मला खोटं पाडू नकोस यू. भात रचलाय, मास हार्यान्तो जकार्ताहून आलाय. मी कुठे तोंड दाखवू मग?"

तेही खरं होतं. चारचौघांत बहिणीची लाज काढून तिला हॉस्पिटलात धाडणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं. बाहेर कुराणपठण संपत आलं होतं. वागियेमने गॅस बंद केला, फडक्याला हात पुसले. काय करायचं ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

अंगणात हार्यान्तो बोलायला उभा राहिला होता. जकार्तात बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. गडी मनाने दिलदार, पण त्याला कुठलंही दान फोटोशिवाय पचत नसे. तो म्हणाला की देवाने आपल्या पार्तिनाहला परत दिलं, तर आपणही या आजाराच्या बायकांसाठी काही द्यायला हवं. त्याने हॉस्पिटलाला चाकाच्या खुर्च्या द्यायचं ठरवलं होतं. पाठीवर सास्त्रो घराण्याचं नाव. मग त्याची बायको येनी उठली आणि तिने गुलाबी गठ्ठे सोडले. सगळ्या घराण्याला एकाच कापडाचे कपडे. पुढच्या रविवारी सगळ्यांनी ते घालून बसने हॉस्पिटलात जायचं, वॉर्डातल्या एकेका बाईला भेटायचं, धीर द्यायचा.

"आणि बसचं तर आपल्या यूकडे आहेच," हार्यान्तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांचे हात कापडाकडे वळले. पोत बरा होता.

दाराशी उभी असलेली रेत्नो वागियेमकडे बघत होती. पार्तिनाह तिच्या मागे, चौकटीला टेकून. तिचा नवरा तुकिरान कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. वागियेमच्या डोळ्यांपुढे तो वॉर्ड उभा राहिला. उलटीने पिळून निघालेल्या त्या बायका आणि दारातून आत घुसणारं हे सगळं गुलाबी लटांबर. एकेका बाईला कपडे सारखे करून म्हणावं लागणार होतं, हो, बरं वाटतंय.

"जायचं नाही," वागियेम म्हणाली.

कापडावरचे हात थांबले. आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं, आणि मग पुढचं आपोआप आलं.

"पार्तिनाहला ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून नवस बोलले होते. ही बरी झाली तर वर्षभर आपल्या घराण्यातला कुणी कुठल्याच आजाऱ्याच्या समाचाराला जाणार नाही. बस नाही. फळं नाहीत. बिस्किटांचे डबे नाहीत."

"डब्यात तशीही बिस्किटं नसतात, करुपुकच असतात," एक पुतण्या पुटपुटला. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

हार्यान्तो गोंधळला. "असला कसला नवस, यू? लोक भेटायला जायचा नवस बोलतात. न भेटायचा कुणी बोलतं का?"

"नवसात जड जाईल तेच द्यायचं असतं. माझ्यापाशी बस सोडून दुसरं होतं काय?"

हे मात्र कुणाला खोडता आलं नाही. बस वागियेमला किती प्यारी होती ते अख्खा गाव जाणून होता. आणि नवसाशी कुणी हुज्जत घालत नाही. म्हाताऱ्या काकांनी मान डोलावली, म्हणाले, बोलली आहे तर फेडायलाच हवा. वागियेमने ती मान डोलावलेली पाहिली आणि तिला धीर आला.

"अजून आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलमागे मुक्कामघर आहे, लांबून आलेल्या बायकांचं. बसचं भाडं, फळांचा खर्च, सगळं तिथे जायचं. तिथल्या बाईला आधी विचारायचं काय हवं म्हणून, आणि ती सांगेल तेच न्यायचं. आणि दर आठवड्याला आपल्यातली एक बाई तिथे दोन रात्री राहील. एकच. जिच्यासोबत कुणी नाही तिच्या उशाशी बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हार्यो, खुर्च्या तिथे आहेत. ढकलायला माणसं नाहीत. ती दे."

"पण मग घराण्याचं नाव कुठे घालायचं?" हार्यान्तोने विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता, बिचाऱ्याला.

"उलटीच्या बादलीवर घाल."

कुणीतरी फिसकन हसलं, मग बरेच हसले, आणि हार्यान्तोही हसला. येनीने कापड घडी घालायला घेतलं. ती हिरमुसली होती हे उघड होतं. वागियेम तिला म्हणाली की या कापडाच्या उशा शिवून दे. हात वर करता न येणाऱ्या बाईला बगलेत घ्यायला छोट्या उशा लागतात, पार्तिनाहला लागायच्या. येनीने मान वर केली. तिला शिवण चांगलं येत होतं. हे इतकी वर्षं कुणी तिला विचारलंच नव्हतं.

"पहिली पाळी माझी," वागियेम म्हणाली. "येत्या बुधवारी. पण मला शहरातलं काही कळत नाही. पार्तिनाह येईल रस्ता दाखवायला. आता ती रिकामीच आहे. बरी झाली आहे."

चौकटीपाशी पार्तिनाहने दोन्ही हात तोंडावर घेतले. लोकांना वाटलं, बहिणीच्या नवसाने तिला भरून आलं. तुकिरान उठून अंगणाच्या टोकाला गेला आणि उगाच वाळवणाच्या चटया सारख्या करू लागला. त्या सारख्याच होत्या.

वागियेम खाली बसली. आपण देवाच्या नावाने धडधडीत खोटं बोललो, हे आता तिच्या ध्यानात आलं. मग तिने विचार केला की इतक्या माणसांसमोर बोलून गेले म्हणजे नवस झालाच. कधी बोलला ते देव बघेल, फेडायचा मात्र आपल्याला आहे. वर्षभर बस नाही. पुतण्याच्या बायकोचं बाळंतपण पुढच्या महिन्यात येऊ घातलं होतं. तिथेही जाता येणार नव्हतं का? बाळंतपण काही आजार नाही, असं तिने लगेच मनाशी ठरवून टाकलं.

मग रांग लागली. ईदनंतरची क्षमा मागायची रांग, धाकट्यांनी थोरल्यांच्या पायाशी बसायची. वागियेम खुर्चीत बसली. पार्तिनाहचे हात आज कुणी धरायचे नाहीत, लांबूनच जोडा, असं तिने आधीच फर्मावलं. एकेकजण आला, गुडघ्यावर कपाळ टेकवून ठरलेली वाक्यं म्हणून गेला. हार्यान्तोही वाकला. सगळ्यांत शेवटी पार्तिनाह आली.

ती हळूहळू, खुर्चीचा हात धरून खाली बसली. तिने बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. रुमालाखाली केस नव्हते. वागियेमच्या तळव्याला ते गोल, ऊबदार डोकं तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं लागलं. या पोरीला आपण कडेवर घेऊन फिरायचो, तेव्हाही ते असंच लागायचं.

"यू, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलंमाकलं असेल, उघड की मनातल्या मनात, तर क्षमा कर," पार्तिनाह रीतीप्रमाणे म्हणाली.

"माझंच चुकलं," वागियेम म्हणाली. थोरल्याने असं म्हणायची रीत नाही. पण ऐकायला जवळ कुणी नव्हतं.

पार्तिनाहने डोकं उचललं नाही. "नवस कधी बोलली होतीस?"

"आत्ताच."

गुडघ्यावरचं डोकं हललं. ती हसत होती की रडत होती, ते वागियेमला कळलं नाही. तिने हात तसाच ठेवला. पलीकडे पिवळ्या भाताच्या डोंगराचं टोक कापलं जात होतं आणि पोरं ताटल्या घेऊन ढकलाढकली करत होती.

"पहाटे साडेचारची गाडी आहे," पार्तिनाह हलकेच म्हणाली. "फळं आणू नकोस."

"मग हातात काय घेऊन येऊ?"

"काही नको. हात मोकळे ठेव, बादली धरावी लागते."